दाजींचा राखीव साठा

दाजींच्या फ्रीजच्या हँडलवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो, बटणं पिशवीवरूनच दाबायची. दिवाळीला नेलेला सदरा "चांगल्या कार्यात घालू" म्हणून कपाटात जातो आणि चांगलं कार्य आलं की "एवढ्या गर्दीत कशाला" म्हणून कपाटातच राहतो. लातुरात त्यांचं मेडिकल आहे. औशाकडं थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातलं सोयाबीन भाव येईपर्यंत मागच्या खोलीत पोत्यांत थांबतं. भाव आला की दाजी म्हणतात, "अजून चढंल." उतरला की म्हणतात, "आता ह्या भावात कोण देतंय?"

राखून ठेवणारी माणसं सगळीकडे असतात. पण अशा माणसाच्या हाती एखादा डावपेचांचा खेळ पडला आणि तो खेळ शेवटाकडं सरकू लागला, की त्याचे जे हाल होतात ते बघायला मी दर सुट्टीत नांदेडहून अहमदपूरमार्गे लातूर गाठतो. ताईला वाटतं, भाऊ तिच्यासाठी येतो.

खेळ घरात आणला दाजींच्या पुतण्यानं. कंधारहून तो नीटच्या तयारीला लातुरात आला. क्लासवाल्यांनी सांगितलं, मोबाईल घरच्यांच्या ताब्यात द्या. पुतण्यानं दिला, दाजींनी तो मेडिकलच्या गल्ल्यात ठेवला, आणि पोरगं त्यात करत होतं तरी काय, एवढं बघायला म्हणून उघडला. पोरगं सुटलं, दाजी अडकले.

आत होता 'फायर एम्ब्लेम'. ही मालिका शोझो कागा नावाच्या जपानी माणसानं 1990 साली सुरू केली. 2003 मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या खेळयंत्रावर आलेला भाग जपानबाहेर विकला गेलेला पहिला, आणि पुतण्याच्या मोबाईलमध्ये होता तो हाच. चौकटींचा पट, आपली पंधरावीस माणसं, समोर त्यांची फौज. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला, भाला तलवारीला. इथपर्यंत बुद्धिबळ येणारा कुणीही रमेल. पण कागासाहेबांनी दोन नियम असे घातले, की ते लातूरला येऊन दाजींना भेटून गेले असावेत अशी मला शंका आहे. पहिला, मेलेलं माणूस परत येत नाही. त्याला नाव आहे, गाव आहे, बहीण आहे, आणि ते गेलं की गेलं. दुसरा, हत्यार झिजतं. लोखंडी तलवारीचे सेहेचाळीस वार. चांदीच्या तलवारीचे वीस. मग मोडली.

वीस! दाजींनी चांदीची तलवार पहिल्यांदा पाहिली त्या दिवसापासून ती म्यानाबाहेर आलेली नाही. प्रत्येक हत्याराचे किती वार उरले त्याचा हिशेब त्यांनी ठेवला, जुन्या बिलांच्या पाठीवर. औषध कंपन्यांच्या फुकट आलेल्या डायऱ्यांची चळत कपाटात आहे, पण त्या कोऱ्या आहेत, आणि कोऱ्या वस्तूवर लिहिणं दाजींच्या स्वभावात बसत नाही.

औषधांचं तर विचारूच नका. खेळात एक साधी बाटली मिळते, दहा गुणांनी जखम भरते. दुसरं एलिक्सिर. त्याचे तीन घोट, आणि एका घोटात मरणाच्या दारातला माणूस ठणठणीत. दाजी दिवसभर औषध विकतात. कुठल्या पट्टीची एक्स्पायरी कधी आहे ते त्यांना न बघता सांगता येतं, आणि ताईला ताप आला तर जिची तारीख जवळ आलीय ती पट्टी घरात येते. एलिक्सिरला एक्स्पायरीच नाही हे कळल्यावर त्यांचा प्रश्न कायमचा मिटला. जे खराब होत नाही ते वापरायचं कशाला? शेवटच्या प्रकरणांत एकेका वारात वीस-वीस गुण जायला लागतात, तिथं दाजी साध्या बाटलीचे दहा-दहा गुण पाजत माणूस मागं मागं नेतात. पुतण्या ओरडतो, "काका, एलिक्सिर द्या की! मरायलाय तो!" दाजी शांतपणे म्हणतात, "पुढं लागंल."

"ह्याच्या पुढं काय राहिलंय आता?"

"तेच तर म्हणायलोय. पुढं काय हाय ते तुला ठाव हाय का?"

सगळ्या फौजेत दाजींचा जीव एकाच माणसावर. सरदारपुत्र एलिवूड नाही, तलवारबाज लिन नाही, कुऱ्हाड फिरवणारा हेक्टर तर नाहीच. मर्लिनस. हा मर्लिनस व्यापारी आहे. लढत नाही, मारत नाही, मैदानात तंबू ठोकून बसतो आणि लोकांचा माल सांभाळतो. दाजी त्याच्याबद्दल गंजगोलाईच्या बाजारात पिढीजात गाळा असलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. पण त्याच्या गोदामात नग मावतात शंभर. शंभर भरले त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. एकशे एकावी वस्तू घ्यायची तर आतली एक काढावी लागणार. त्यांनी अर्धवट झिजलेली एक कुऱ्हाड विकायला काढली, किंमत बघितली, आणि भाव पडलाय म्हणून परत ठेवली.

आता टक्केवारी. हल्ला करण्याआधी खेळ सांगतो, वार लागण्याची शक्यता इतकी. पुतण्या लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेला. नीटला बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा, त्यामुळं शक्यता हा विषय त्याच्या रक्तात भिनलाय. त्यानं शोधून काढलं, की या भागात पडद्यावरचा आकडा खरा नसतो. खेळ आतल्या आत दोन आकडे काढतो आणि त्यांची सरासरी धरतो, म्हणून नव्वद दाखवलं तर वार खरं म्हणजे शंभरात अठ्ठ्याण्णवदा लागतो, आणि शत्रूचे तीस दाखवले तर ते वीसच्याही खाली असतात. खेळणाऱ्याच्या बाजूनं केलेली गोड लबाडी. कुणीही खूश झाला असता. दाजींनी विचारलं, "मग ते दोन टक्के कुणाच्या घरी जातेत?"

नांदेडचे आम्ही लोक हात सैल म्हणून बदनाम. गोदावरीकाठची सवय, विष्णुपुरी धरणात पाणी दिसलं की आम्ही अंगण धुतो. त्यामुळं दाजींना हसण्याचा पहिला मान माझा. पण 2016 च्या उन्हाळ्यात मी ताईकडं गेलो होतो. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. त्या दिवसांत ताईच्या घरात बादल्या, घागरी, डबे, कुकर, लग्नात आलेली आणि तोवर न वापरलेली पातेली, सगळ्यांत पाणी होतं. वर चादर. दाजी रोज रात्री बॅटरी घेऊन प्रत्येक भांड्यात डोकावायचे. आज मर्लिनसचा तंबू उघडून ते नग मोजतात तेव्हा मान तितकीच वाकते. माझं हसू थोडं आवरतं तिथं. फार नाही, थोडं.

शेवटाकडच्या प्रकरणांत एक पहाटेआधीची लढाई आहे. मारेकरी महालात शिरलेत आणि झेफिएल नावाच्या कोवळ्या राजपुत्राला वाचवायचं. तो गेला तर खेळ खलास. त्यात जाफर नावाचा एक मारेकरी उलटून आपल्याकडून लढायला लागतो, पण ऐकत कुणाचं नाही, एकटाच पुढं पळतो. दाजींनी हे प्रकरण इतक्यांदा खेळलं की ताईला स्वयंपाकघरातून नुसत्या संगीतावरून कळायचं, जाफर मेला. माणूस मेलं की दाजी पहिल्यापासून सुरू करतात. मधेच बंद करून परत उघडून तीच चाल केली तर फासे तेच पडतात, खेळ ते लक्षात ठेवतो. तरी दाजी आधी तेवढं करून बघतात, न जाणो यंत्राला दया आली तर.

झेफिएल वाचला. दाजींनी एलिक्सिर न फोडता वाचवला. त्यांनी पेढे आणले, आणि पुतण्यानं पेढा खाता खाता सांगितलं, की 2002 साली जपानात निघालेल्या आधीच्या भागात हाच पोरगा मोठा होऊन राजा झालाय आणि सगळ्या खंडावर युद्ध लादणारा दुष्ट तोच आहे. ही गोष्ट त्याच्या बालपणातली. दाजींनी उरलेले पेढे डब्यात ठेवले. "लेकराची चूक नसती त्यात," एवढंच म्हणाले. नंतर बराच वेळ बिलाच्या पाठीवर काहीतरी बेरीज चालली होती.

शेवटच्या प्रकरणाच्या तयारीच्या पडद्यावर दाजी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बसून होते. सगळं राखलेलं ज्या दिवसासाठी राखलं तो दिवस आला, आणि माणूस घाबरला. कुणाला किती द्यायचं? ठरवायचे, वाटायचे, परत काढून घ्यायचे. शेवटी पुतण्यानं सुरुवातीचं बटण दाबलं म्हणतात, तो नाकारतो.

आधी मारलेल्यांच्या नकला करून उभ्या केलेल्या फौजेतून वाट काढली. जादूगार नर्गल पडला. मग आगीचा भला मोठा ड्रॅगन आला. दाजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आता काढू." एलिवूडच्या हातात डुरांडल होती, ड्रॅगनांसाठीच घडवलेली तलवार. म्हातारा महाजादूगार ॲथॉस सोबत होता. ड्रॅगन पहिल्याच फेरीत मेला.

एलिक्सिर एकही फुटलं नाही. चांदीच्या तलवारीचे वीसच्या वीस वार शिल्लक. नावांची यादी वर सरकत गेली, कोण कुठं गेलं, कुणाचं लग्न झालं. दाजी त्यात गोदामाचं काय झालं ते शोधत होते. पुतण्यानं सांगितलं, आता हेक्टरची गोष्ट उघडलीय, तीच लढाई त्याच्या बाजूनं, जास्त अवघड.

"माल?"

"माल येत नसतो काका. शून्यापासून."

दाजी हसले. मला वाटलं होतं, माणूस कोलमडेल. पण खेळात जतन करायला तीन जागा असतात, आणि दाजींनी शेवटच्या प्रकरणाआधीच पहिल्या जागेची नक्कल दुसऱ्या जागेत करून ठेवली होती. तिथं मर्लिनस अजून तंबूत बसलाय, शंभर नग, सगळे शाबूत. मेडिकल बंद करायच्या आधी दाजी ती जागा उघडतात, मोजतात, बंद करतात.

"मग हेक्टर तिसऱ्या जागेत सुरू करू?" पुतण्यानं विचारलं. "ती रिकामीच हाय."

"ती राहू दे," दाजी म्हणाले. "लागंल कधीतरी."