तीनपैकी दोन

जगातल्या बहुतेक वस्तू विनाकारण मोठ्या आहेत, असं तात्यांचं ठाम मत आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या एकेक करून लहान करायला घेतल्या. पहिला नंबर रेडिओचा लागला. तो काडेपेटीत बसला, फक्त त्यात एकही स्टेशन बसेना. असल्या किरकोळ अडचणींनी तात्या खचत नाहीत. पुढे पुतण्यानं बेस गिटार घेतली आणि तात्यांना जीवितकार्य सापडलं: बेससाठी घरगुती अँप्लिफायर, तोही स्कूटरवर पायाशी मावेल एवढा.

“तात्या, मी विकतच घेतो ना,” पुतण्या म्हणाला.

“विकत काय, कोणीही घेतं!” तात्यांनी विषय संपवला.

हा माणूस गर्दीतही ओळखू येतो. खिशाला पेनाऐवजी टेस्टर. बनियनला सोल्डरिंगनं पडलेली भोकं. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे दुकानदार याला लांबून बघूनच गल्ल्यावर पोराला बसवतात, कारण खरेदी दहा रुपयांची असली तरी चर्चा तासाभराची असते. मोठ्या अँप्लिफायरचं नाव काढा, तात्या नाक मुरडतात. “1969 साली अमेरिकेत अँपेगनं एसव्हीटी काढला. 300 वॉट! खाली दहा-दहा इंची आठ स्पीकरचं कपाट. तिकडे त्याला फ्रिज म्हणतात. गिटार वाजवायची की भाजी ठेवायची?”

खरं तर अँप्लिफायर लगेच झाला. क्लास-डीचं तळहाताएवढं तयार बोर्ड आणि 24 व्होल्टचा अडॅप्टर. डब्यात घातलं तर वर दोन पोळ्या ठेवता येतील. तात्या सोसायटीभर तो तळहात दाखवत फिरले. घोडं अडलं ते स्पीकरच्या खोक्यापाशी. इलेक्ट्रॉनिक्स कितीही आक्रसतं, हवा आक्रसत नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात आणि त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर भरते. “आपल्या हॉलपेक्षा लांब!” तात्या अभिमानानं सांगतात, जणू हॉल लहान असणं हीच त्यांची कामगिरी.

एवढी हवा हलवायची म्हणजे हॉफमनचा नियम आडवा येतो. केएलएच या अमेरिकन स्पीकर कंपनीच्या नावातला शेवटचा ‘एच’ म्हणजे हे गृहस्थ. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी कुठल्याही दोनच मिळतील, असं त्यांनी सांगून ठेवलंय. तात्यांना नियम तोंडपाठ आहे. तो आपल्याला लागू आहे, हे मात्र त्यांना मान्य नाही.

त्यांनी आधी वॉट वाढवून पाहिले. 50 चे 100 केले की आवाज जेमतेम 3 डेसिबलनं वाढतो. तेवढ्यात स्पीकर मात्र गरम झाला. मग खर्ज वाढवायला खोक्यात पीव्हीसीचा पाइप घालायचं ठरलं. इथे हवेनं दुसरा डाव टाकला: खोकं जितकं लहान, तितका त्याच सुराला पाइप लांब लागतो. पाइप खोक्यात मावेना. बारीक घेतला तर आतून प्रेशर कुकरसारखी फुसफुस. शेवटी एल्बो लावून तो वळवला. खालच्या मजल्यावरचे जोशी बेसिनची गळती दाखवायला वर आले, ते तात्यांना प्लंबर समजून. तात्यांनी त्यांना चहा पाजला आणि पाइपच्या व्यासाचं सूत्र समजावलं. गळती आजही आहे, पण जोशी आता वर येत नाहीत.

मग घरघर सुरू झाली. अर्थिंगच्या दोन वाटा एकमेकींना भेटल्या की मेन्सचे 50 हर्ट्झ आवाजात शिरतात. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पट्टीतला ‘जी’ हा सूर येतो 49 ला. “बघ, फुकटचा तानपुरा,” तात्या म्हणाले. पुतण्या म्हणाला, “तात्या, पण तो किंचित चढा लागतोय.” तात्यांनी पुतण्यालाच गिटार चढवायला सांगितलं.

एकदाचं खोकं झालं. 18 मिलिमीटरचा प्लाय, आठ इंची स्पीकर, वर पितळी मूठ. ते स्कूटरवर पायाशी अगदी फिट्ट बसलं. पुतण्याचे पाय मात्र दोन्हीकडे बाहेर राहिले. ते आत घेतले तर खोकं पाठीवर, आणि खोकं पाठीवर तर गिटार घरी. खोकं, पाय आणि गिटार: तीनपैकी दोन. पोरगं रिक्षानं गेलं.

तात्या त्याच संध्याकाळी पुढचं मॉडेल घेऊन बसले, आणखी लहान. आता डायनिंग टेबलावर कॉइल, पलंगाखाली प्लायचे तुकडे, देवघराशेजारी सहा इंची स्पीकर. काकू ताट कुठे ठेवावं या विचारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “तुमच्या त्या हॉफमनचं पटलं हो मला. घरात जागा, शांतता आणि नवरा, तिघांपैकी दोनच मिळतात.”

तात्यांनी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि कौतुकानं मान डोलावली. “बरोब्बर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी नियम नीट कळला.”