पन्नासपैकी गुण

महाराष्ट्रात दारू प्यायची ती प्रकृती सांभाळण्यासाठी. हे मी म्हणत नाही, सरकार म्हणते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला जो परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी मिळतो. तसे त्या कागदावरच छापलेले असते. वर्षानुवर्षे एका दिवसाचे आरोग्य देशीसाठी २ रुपयांत आणि विदेशीसाठी ५ रुपयांत राखता येत आले आहे. जन्मभराचे राखायचे असेल तर १,००० रुपये. एवढ्या स्वस्तात आरोग्य सांभाळणारी दुसरी योजना माझ्या ऐकण्यात नाही.

आम्ही नवेगाव बांधचे लोक आरोग्याच्या तीन कल्पनांच्या मधोमध राहतो. गोंदिया जिल्ह्यात परवाना लागतो. अर्जुनी मोरगाव तालुक्याची दक्षिणेची शीव ओलांडली की गडचिरोली. तिथे १९९३ पासून जिल्हाभर बंदी. पूर्वेला गेलो की छत्तीसगड, आणि तिथे आदिवासी कुटुंबाला घरच्यापुरती मोहाची गाळायला मुभा. मोहाचे झाड मात्र तिन्हीकडे तेच, फूल तेच. अस्वल तिन्हीकडे सारख्याच मोकळेपणाने ते खाते.

पाहुणे येतात ते तलाव पाहायला. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे गावात सांगतात. कोहळी समाजाने तळी बांधावीत आणि त्या पाण्यावर ऊस-धान पिकवावे ही या भागाची जुनी रीत. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिले, तेव्हा गाव पुण्या-मुंबईच्या पुस्तकांच्या कपाटात पोहोचले. पाहुणे ते पुस्तक वाचून येतात, दुर्बिणी गळ्यात अडकवतात, पक्षी मोजतात आणि जातात. मार्च-एप्रिलमध्ये अंगणात पसरलेल्या फुलांवर पाय पडू नये म्हणून तेवढे जपून चालतात.

ती फुले म्हणजे अर्धे घर चालवणारी गोष्ट. मोहाचे फूल रात्री उमलते आणि उजाडायच्या आत गळू लागते. मांसल, फिकट पिवळट, चवीला इतके गोड की चितळ, सांबर, अस्वल, वटवाघूळ सगळ्यांचा त्यावर हक्क. माणसांचा नंबर यांच्यानंतर लागतो, म्हणून पहाटे चारलाच बायका टोपल्या घेऊन निघतात. फुले आधी मऊ असतात. चार-पाच उन्हे खाल्ली की तांबूस, सुरकुतलेली, मनुक्यासारखी होतात आणि मग वर्षभर टिकतात. त्यांचे लाडू होतात, तिळाबरोबर कुटून खातात, पिठात मळून पुऱ्या करतात, अशक्त बैलाला चारतात. आणि उरलेले भिजत घालतात.

भिजत घातल्यावर पुढे काय होते ते पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ‘सडवा’ या नावाने येते. वर्तमानपत्रात बातमी असते: अमुक लिटर मोहफुलाचा सडवा नष्ट. बातमी लिहिणाऱ्याला लिटर दिसतात. पण त्या लिटरांमागे कोणाच्या तरी घरची एक अत्यंत खाजगी पाककृती असते, तिचा उल्लेख कुठे होत नाही. फुले यंदाची की गेल्या सालची? पाणी विहिरीचे की नाल्याचे? थंडीत किती दिवस ठेवायचे आणि वैशाखात किती? वर मडके मातीचे की जर्मनचे? लाकूड कोणते, आच किती, आणि धार कुठे थांबवायची? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. पहिली धार सगळ्यांनाच समजते. थांबणे हे शिक्षण आहे.

मी स्वतः घेत नाही. मला व्यसन आहे ते घेणाऱ्यांच्या बोलण्याचे. गेली कित्येक वर्षे मी लग्नात, बारशात, पेनपूजेच्या, म्हणजे गोंडी देवपूजेच्या मांडवात अशा जागी बसतो जिथून चाखणाऱ्यांचे बोलणे ऐकू येते. या घरची बाटली त्या घरी जाते, त्या घरची या घरी येते. आधी दोन थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावाने. मग पानाच्या दोन्यातून एक घोट. मग एक लांब शांतता. मग निकाल. तो सहसा एका शब्दाचा असतो: “हाय.” म्हणजे आहे. या एका शब्दाचे सूर मी ओळखायला शिकलो आहे. खालच्या पट्टीतला ‘हाय’ म्हणजे पिता येईल. लांबवलेला म्हणजे उत्तम. आणि तोडून टाकलेला ‘हाय’ म्हणजे यजमान समोर बसला आहे म्हणून गप्प आहोत.

माझ्या बहिणीचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने तिथे गाडीच्या गॅरेजमध्ये बिअर करायला घेतली आहे. तो, त्याचा एक नगरचा मित्र आणि दोन-तीन गोरे शेजारी एकमेकांना बाटल्या देतात, सोबत कागदावर टिपणे देतात, आणि एवढ्यावर न थांबता पाककृतीही देऊन टाकतात. हे ऐकून आमच्या शेजारचे मामाजी खरोखर हबकले. बाटली दिली ते ठीक, पण कृती? तिकडे हे सगळे उजेडात चालते. १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरच्या बिअरला केंद्राची मोकळीक मिळाली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोघांच्या घराला २००. म्हणजे साडेसातशे लिटर! गाळलेल्या दारूला मात्र तिथेही घरी परवानगी नाही, हे मी भाच्याला मुद्दाम विचारून घेतले. आपण एकटेच मागासलेले नाही हे कळले की बरे वाटते.

भाचा उन्हाळ्यात आला तेव्हा त्याच्या फोनमध्ये एक गुणपत्रिका होती. तिकडे बिअर परीक्षकांची रीतसर संस्था आहे, परीक्षा आहेत, आणि बिअरला ५० पैकी गुण देतात. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५, आणि एकूण छापेला १०. रूपाला फक्त तीन हे मला फार आवडले. आपल्याकडे मुलगी पाहायच्या कार्यक्रमात हेच प्रमाण ठेवले असते तर कितीतरी घरे सुखी झाली असती.

भाच्याच्या मनात आले की हाच कागद मोहाला लावून पाहावा. कायद्याच्या सोयीसाठी असे समजू या की पुढची बैठक छत्तीसगडच्या हद्दीत झाली.

समोर दोन बाटल्या होत्या, दोन घरच्या. कोणाच्या ते मामाजींना सांगितले नव्हते. भाच्याने पहिला प्रश्न विचारला, “आजोबा, दिसायला कशी आहे?”

“पान्यासारखी,” मामाजी म्हणाले. “दिसाचं काय हाय त्यात?”

रूपाचे तीन गुण कसे द्यायचे यावर भाचा अडला. मामाजींनी मदत म्हणून चार थेंब चुलीतल्या निखाऱ्यावर टाकले. निळसर ज्योत उठली. “हे पाय रूप,” ते म्हणाले. भाच्याने तीनपैकी तीन दिले.

वासाच्या रकान्यात त्याने स्वतः आधी लिहिले: धूर, मनुका, ओले गवत. मग बाटली मामाजींपुढे केली. त्यांनी ती नाकापाशी नेली, बाजूला केली, पुन्हा नेली. आणि मग जे बोलले ते मी तसेच्या तसे लक्षात ठेवले आहे. “याची फुलं अंगनात नाही वाळली, बाबू. डांबराच्या रस्त्यावर वाळली. वरून एकदा पानी लागलं. मग घाईनं गोळा केली.”

दुसरी बाटली. “हे मातीच्या गाडग्यातली हाय. पन आच मोठी लावली. घरात त्या दिवशी कोनाचं तरी लक्ष नव्हतं.”

भाचा नुसता पाहत राहिला. त्याच्या कागदावर मद्याचे वर्णन होते. मामाजी त्या घराची हकिगत सांगत होते: कोणाचे अंगण लहान आहे, कोणाकडे अवकाळी पाऊस आला तेव्हा मदतीला हात नव्हता, कोणाची चूल चिडून पेटवलेली होती. नंतर दोन्ही घरांत मी सहज म्हणून चौकशी केली. पहिल्या घराने फुले खरेच रस्त्याच्या कडेला वाळवली होती. दुसऱ्या घरात त्या दिवशी वासरू हरवले होते.

शेवटचा रकाना, एकूण छाप, १० गुण. भाचा म्हणाला, “आजोबा, एका वाक्यात?” मामाजींनी दुसऱ्या बाटलीकडे बोट केले. “या घरात सोयरीक कराले हरकत नाही.”

मला वाटले कार्यक्रम संपला. पण आतून मामीजींचा आवाज आला. त्या इतका वेळ धान पाखडत होत्या आणि आपण ऐकत आहोत याचा त्यांनी काही पत्ता लागू दिला नव्हता. त्या म्हणाल्या, “फुलं येचाले कोन गेल्ती, ते बी लिहा म्हना त्या कागदात.”

भाच्याने फोन वर-खाली सरकवून पाहिला. त्या पन्नास गुणांत तो रकाना नव्हता.

तेव्हापासून मी या विषयाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहतो. आमच्याकडे फूल वेचते ती बाई, वाळवते ती, भिजवते ती, बहुतेक घरी चुलीपाशीही तीच. चाखून डोळे मिटणारा आणि निकाल देणारा पुरुष. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये निदान बिअर करणारा आणि गुण घेणारा माणूस एकच असतो. इथे काळोखात झाडाखाली वाकलेल्या बाईला आधी अस्वलाचा अंदाज घ्यावा लागतो. आमच्या जंगलात तर वाघही आहे. २०१३ पासून नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प आहे. दर हंगामात विदर्भात कुठे ना कुठे फुले वेचणाऱ्यांवर हल्ला झाल्याची बातमी येते. पानांचा कचरा पेटवून झाडाखालची जमीन साफ करायची जुनी सवय आहे, त्यातून वणवा लागतो. वनखाते नको म्हणते, झाडाखाली जाळ्या बांधा म्हणते. म्हणणे बरोबर आहे. पण पहाटे चारला उठणारीला हेही एक जास्तीचे काम.

आणि ज्या घरात ही बाटली शेजाऱ्याला देण्याऐवजी नवऱ्याच्या पोटात रोज जाते, तिथली बाई गुण द्यायला बसत नाही. ती मडके फोडते. गडचिरोलीतली बंदी लोकांच्या चळवळीतून आली, आणि त्या चळवळीत बायका पुढे होत्या. तसेच विकण्यासाठी गाळणारे वेगळे. त्यांना घाई असते, म्हणून काळा गूळ येतो, नवसागर येतो. त्या मालाचे टिपण करायला मामाजींना बसवले तर ते उठून जातील. घरची आणि विकतची यांतला फरक कायद्याला दिसत नाही. त्याला दोन्हीकडे सडवाच दिसतो.

खरे तर फुलाची सुटका झाली आहे. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्या-आणण्यावरचे निर्बंध उठवले. त्याआधी वाळलेली फुले घरात जास्त ठेवली तरी संशय. कालिदासाने रघुवंशात विदर्भाच्या राजकन्येच्या, इंदुमतीच्या स्वयंवरात दूर्वांत गुंफलेली मोहफुलांची माळ आणली आहे. ती माळ आमच्या तपासणी नाक्यावर अडकली असती तर इंदुमतीचे लग्न लांबणीवर पडले असते.

शेजारी पुढे गेले आहेत. मध्य प्रदेशाने मोहाची दारू वारसा म्हणून बाटलीत भरायला घेतली. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पहिल्या गाळणीचा उर्राक प्यायला लोक एप्रिलमध्ये मुद्दाम तिकडे जातात. ओडिशात तर २०२२ साली केओंझरच्या जंगलात २४ हत्ती मोहाच्या भिजवणाशेजारी गाढ झोपलेले सापडले. मडकी फुटलेली, पाणी संपलेले. ढोल वाजवून त्यांना उठवावे लागले. ते प्यायले होते की नुसते विसावले होते, यावर वनखात्याने मत राखून ठेवले. चाखणाऱ्यांची एवढी मोठी बैठक दुसरी झाली नसेल, आणि निकाल मात्र कोणी लिहून घेतला नाही. त्याच साली हत्तींचा कळप आमच्या तालुक्यातही आला. तेव्हा मात्र कोणी हसले नाही.

भाचा परत गेला. जाताना त्याने मामाजींना त्याच्या बिअरची कृती दिली, छापून, मापांसकट. मामाजींनी कागद नीट घडी करून ठेवला. त्यांची कृती त्यांनी दिली नाही. “ते बोलून येत नाही,” एवढेच म्हणाले. भाच्याने आपल्या गुणपत्रिकेत हाताने एक रकाना वाढवला आहे आणि तिकडच्या मित्रांत तो आता विचारतो की बार्ली कोणी पिकवली. मित्रांना उत्तर माहीत नसते. गुण शून्य पडतात. त्यावरून थोडी कुरबूर चालू आहे असे कळते.

माझे मागणे फार मोठे नाही. छत्तीसगडात चालते तेवढी घरच्यापुरतीची मुभा शिवेच्या अलीकडे, आमच्या आदिवासी घरांनाही द्यावी, आणि विकणाऱ्याला सध्यापेक्षा कडक धरावे. दोन्ही एकदम करता येते. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही नवेगाव बांधला आलात तर मार्चअखेरीला या, आणि उजाडायच्या आधी उठा. पक्षी नंतरही दिसतात. परतताना आठवड्याच्या बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून वाळलेली मोहफुले घ्या. लाडू करायला उत्तम लागतात, आणि आता ती नेण्यावर बंदीही नाही. फक्त भाव करू नका.