काही न निवडता

कोरल ड्रॉ या चित्र-मांडणीच्या सॉफ्टवेअरचा जन्म कॅनडातल्या ओटावाचा, 1989 सालचा. त्यामुळे मूळ तब्येतीचं कोरल उघडलं की ते तिकडचा लेटर कागद पुढे करतं, साडेआठ बाय अकरा इंची. आपला ए-फोर त्याहून सहा मिलिमीटर अरुंद आणि जवळजवळ अठरा मिलिमीटर लांब. म्हणजे लग्नपत्रिका लेटरवर मांडून ए-फोरवर छापली तर वेलबुट्टीची किनार दोन्ही बाजूंनी कातरली जाते आणि खाली रिकामी पट्टी उरते. वैरागमधला कुठलाही डीटीपीवाला म्हणून पहिल्याच दिवशी कागद बदलतो, माप इंचात घेतो, एरियल काढून श्रीलिपीतला एखादा ठसठशीत फाँट बसवतो आणि मेनूतलं ‘सेव्ह सेटिंग्ज ॲज डिफॉल्ट’ दाबून मोकळा होतो. त्या क्षणी ओटावाचं कोरल मु. पो. वैराग, ता. बार्शी होतं.

फ्लेक्सचं गणित तर साफ वेगळं. गिऱ्हाईक ‘दहा बाय पंधरा’ म्हणतं ते फुटांत. ऑपरेटर फुटाला इंच धरून दहा बाय पंधरा इंचाचं पान टाकतो. प्रेसवाल्याला ते ठाऊक असतं. कुणी कुणाला समजावत बसत नाही.

माप एकदाच ठरवून टाकायची ही खोड बार्शी तालुक्याला जुनीच म्हणायची. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाईट रेल्वे सुरू केली, तेव्हा रुळांतलं अंतर अडीच फूट आणि प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन भार, असं त्याने आधीच ठरवून टाकलं. पुढे इंजिन असो वा डबा, सगळं त्याच मापात. लाईन मिरजेपासून लातूरपर्यंत वाढली तरी माप तेच राहिलं. ब्रॉडगेज करायची वेळ आली तेव्हा कळलं, एकदा ठरवलेलं डिफॉल्ट मोडायला किती महाग पडतं ते.

कोरलमध्ये ते फारच स्वस्तात मोडतं. पानावरचं काहीही न निवडता नुसतं रंगावर क्लिक केलं की एक खिडकी येते आणि विचारते, यापुढच्या नव्या वस्तूंना हाच रंग देऊ का? किती नम्र प्रश्न! पण इंग्रजी खिडकी दिसली की न वाचता ओके ठोकायचं, हे आपल्याकडे संगणकाच्या आधीपासून, बँकेच्या फॉर्मपासून चालत आलेलं आहे. मग त्या फायलीत जे काढाल ते गुलाबी. त्यावर कुणी ‘सेव्ह सेटिंग्ज’ केलं असेल तर उद्याची फाईलही गुलाबी, आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’सुद्धा गुलाबीच उगवते. यावर उतारा आहे: एफ-एट दाबून धरायचं आणि कोरल उघडायचं. सगळं कारखान्यातून आल्यासारखं होतं. अर्थात लेटर कागदासकट.

फुकटच्या इंकस्केपची पद्धत मला जास्त आवडते. आपल्या मनासारखं एक पान तयार करून टेम्प्लेट म्हणून जतन करायचं आणि ‘हेच डिफॉल्ट’ अशी खूण करायची. पुढची प्रत्येक नवी फाईल त्याचीच नक्कल. कोऱ्या पानावर काय असावं हे माणसाने एकदा बसून, शुद्धीत ठरवायचं.

आमच्या डीटीपीवाल्यांनी तेही केव्हाच करून ठेवलंय, फक्त नाव ‘लग्न नवीन फायनल 2’ असं आहे. ती उघडली की वर ‘श्री गणेश प्रसन्न’, खाली चि. आणि चि. सौ. कां., मग प्रेषक, निमंत्रक, आणि नजरचुकीने कुणाला आमंत्रण गेलं नसेल तर त्याची आगाऊ माफी. ती माफी डिफॉल्टमध्येच आहे, हे मला त्या पत्रिकेतलं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं. गावच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा अशा सगळ्या फायलींतले ‘सरपंच’ शोधून ‘नगरसेवक’ करण्याचं काम निघालं. एखाददुसरा सरपंच अजूनही कुठेतरी निमंत्रकांत बसलेला सापडतो.

परवा एक वरबाप दुकानात काचेला टेकून प्रूफ वाचत होते. कोपऱ्यातल्या किलबिल-चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, “हे ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ काढ की. आमच्यात लहान पोरंच न्हाईत.”

ऑपरेटरने स्क्रीनवरची नजर न काढता उत्तर दिलं, “काढलं तर ती जागा बोडकी दिसती ओ. शेजारची दोन नावं सांगा की.”

वरबापांनी क्षणभर विचार केला आणि सांगितली.