रुळांवरची बाग, गच्चीवरची ओल

पुतणीला झोपवायला चित्रांचं पुस्तक उघडलं आणि झोप उडाली ती माझी. पुस्तक पीटर ब्राउनचं, 'द क्युरिअस गार्डन', 2009 साली आलेलं. एका करड्या, धुरकट शहरात लियम नावाच्या पोराला बंद पडलेल्या उंच रेल्वेमार्गावर चार मरगळलेली रोपं सापडतात. तो त्यांची निगा राखतो. बाग रुळांवरून हिंडत हिंडत गावभर पसरते आणि शेजारपाजारही हाताला माती लावून घेतो. कल्पना सुचली ती न्यूयॉर्कच्या हाय लाइनवरून. तिथून 1980 साली शेवटची मालगाडी गेली, आणि मग रुळांत रान आपसूकच माजलं. हे 'आपसूक' मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

"काका, आपली गच्चीपण रिकामीच आहे की," पुतणी म्हणाली.

सोसायटीच्या सभेत मी पुस्तक उघडून सगळ्यांना चित्रं दाखवली. सेक्रेटरी गच्चीच्या बरोबर खाली राहतात. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "यात वॉटरप्रूफिंगचं कुठल्या पानावर आहे?" मी खरंच पानं चाळली.

तरी परवानगी मिळाली. गच्चीवर मातीचा भार नको म्हणून उसाचं चिपाड घालतात, एवढं अर्धवट ज्ञान माझ्यापाशी होतं. ते आधी कुजवायचं असतं, हे उरलेलं अर्धं. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दोन पोती ताजं, गोड चिपाड उचलून आणलं. संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीतल्या मुंग्यांना आमंत्रण पोचलं होतं. मुंग्यांची ओळ पाइपावरून उतरून थेट सेक्रेटरींच्या साखरेच्या डब्यापर्यंत गेली. शेजारपाजार असा एकत्र आला.

मेथी मात्र चौथ्या दिवशी उगवली. त्या आनंदात मी सकाळ-संध्याकाळ बादल्या ओतल्या. आठवड्यात मेथी आडवी झाली आणि सेक्रेटरींच्या छतावर ओलीचा नकाशा उमटला. हुबेहूब ऑस्ट्रेलिया, खाली टास्मानियासुद्धा. "लियमनंही आधी रोपं बुडवलीच होती," पुतणीनं धीर दिला. खरंय. पण लियमच्या खाली कोणी राहत नव्हतं.

पिंपं, ट्रे, उरलेलं चिपाड, सगळं उतरवलं. पावसाळा गेला, आणि सेक्रेटरींच्या खिडकीशेजारी सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यातून हातभर पिंपळ बाहेर आला. तो मी लावलेला नाही. पक्ष्यांचं काम ते. पण सोसायटीच्या दप्तरात बागेपुढे नाव माझंच, तेव्हा नोटीसही मलाच. उपटायला वॉचमननं कानाला हात लावला, प्लंबर म्हणाला, "साहेब, पिंपळ आहे. दुसरं काहीही सांगा." मी स्वतः खिडकीतून हात घातला, आणि माझाही हात तिथंच थबकला.

"बाग फिरायला निघाली," पुतणी टाळ्या पिटत म्हणाली.

आता दर शनिवारी सेक्रेटरींच्या वहिनी खिडकीतून त्याला तांब्याभर पाणी घालतात. भिंतीला नवी ओल धरली आहे. तीही माझ्याच नावावर मांडलेली आहे.