पिंपात मुरलेली तपकिरी एल: केंटकीहून राहात्यास एक अभ्यासपूर्ण निवेदन

लेक्सिंग्टन, केंटकी

तीर्थरूप आण्णा व आई यांच्या चरणी परदेशस्थ कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडील सर्व मंडळी खुशाल असून प्रस्तुत पत्राचा विषय निव्वळ शास्त्रीय स्वरूपाचा आहे, हे आरंभीच नमूद करणे इष्ट. व्हिडिओ कॉलवर नातवाच्या पाठीमागे ओट्यावर जी काळसर बाटली आण्णांच्या नजरेस पडली, तिची उत्पत्ती, घडण व गुणधर्म यांचा परामर्श येथे घेतला आहे. घराण्यात तुळशीची माळ असल्याने विवेचनातील प्रत्येक विधान तोलूनमापून केले असून, त्या पदार्थाची चव नेमकी कोणी घेतली हा प्रश्न या अभ्यासाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला आहे. तो आत्याबाईंनी उपस्थित करू नये, अशी नम्र सूचना आहे.

बाटलीतील द्रव्य ‘ब्राऊन एल’ या वर्गात मोडते. सातू भिजवून, त्याला मोड आणून भट्टीत वाळवला की ‘माल्ट’ तयार होतो. त्याचा गोडसर काढा हॉप नावाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळून थंड केला आणि त्यात यीस्ट सोडले की बिअर होते. यीस्ट तुलनेने उबदार तापमानात, साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसला काम करणारे असेल तर ‘एल’ आणि गारठ्यात सावकाश काम करणारे असेल तर ‘लागर’, असा ढोबळ भेद आहे. माल्ट अधिक भाजल्याने जिला तपकिरी रंग येतो ती ब्राऊन एल होय. मूळ इंग्लंडच्या या प्रकारातील न्यूकॅसल शहराची एल 1927 साली बाजारात आली व जगभर पोहोचली. ओट्यावरची बाटली मात्र एका छोट्या स्थानिक ब्रुअरीची, म्हणजे थोडक्या प्रमाणात व स्वतःच्या कृतीने बिअर बनवणाऱ्या कारखान्याची आहे. असे उद्योग केवळ परमुलखातच चालतात असे नव्हे, पुण्यात ‘डूलाली’ने 2009 सालीच त्याचा पायंडा पाडला, हे दादाला विचारल्यास तो माहीत नसल्याचे सांगेल.

आता ही एल ज्यात मुरली त्या पिंपाकडे वळता येईल, कारण खरे पांडित्य तेथेच आहे. बर्बन ही अमेरिकी व्हिस्की निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान 51 टक्के मका असलेल्या धान्यापासून गाळतात आणि ती आतून जाळून कोळसा केलेल्या, ओक लाकडाच्या कोऱ्या पिंपातच मुरवली पाहिजे, असा येथील कायदा आहे. परिणामी सुमारे 200 लिटरचे ते धडधाकट पिंप एकदा रिकामे झाले की बर्बनच्या दृष्टीने बाद ठरते. ज्या घरात श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा पिढ्यान्‌पिढ्या मोहरी-जिरे सांभाळतो, त्या घराला ही उधळपट्टी सहन होणे कठीण. परंतु ही पिंपे वाया जात नाहीत. त्यांतील पुष्कळशी स्कॉटलंडला रवाना होऊन तिकडच्या व्हिस्कीची सोय करतात आणि काही ब्रुअऱ्यांच्या हाती लागतात. त्यांत एल भरली की लाकडात मुरलेली व्हिस्की काही आठवडे ते काही महिने तिच्यात उतरत राहते, आणि मद्यार्काचे प्रमाण वाढते. ओट्यावरच्या बाटलीच्या चिठ्ठीवर ते 9 टक्के छापलेले आहे.

बर्बनची भरलेली पिंपे ज्या उंच लाकडी गोदामात ठेवतात त्यास ‘रिकहाउस’ म्हणतात, आणि तेथे ती ओळीने आडवी निजवलेली असतात. महाराष्ट्रात गावच्या महिला मतदानाने बाटली आडवी करतात आणि दारूचे दुकान बंद पडते. केंटकीत पिंप आडवे झाल्यावाचून धंदा सुरूच होत नाही. या विरोधाभासावर आईचे मत मागवण्याचा विचार होता, तथापि तो रहित करण्यात आला.

प्रत्यक्ष परीक्षणास आरंभीच एक अडचण आली. घरात पेले तेवढे स्टीलचे, आणि रंग पाहण्यास काच हवी. तेव्हा सूनबाईंनी कोकम सरबताचा एकमेव काचेचा ग्लास या शास्त्रकार्यासाठी दिला व तो वेगळा घासला जाईल अशी लेखी हमी घेतली. ही एल बर्फासारखी गार करत नाहीत, कारण अतिथंडीत वास दबतो. बारा-तेरा अंश पुरेसे असतात. ओतल्यावर वर बदामी फेस धरला आणि उजेडासमोर ग्लासच्या कडेला लालसर झाक दिसली. प्रथम व्हॅनिलाचा वास आला, कारण लाकूड जळताना त्यातील लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन तयार होते. पाठोपाठ सुक्या खोबऱ्याचा आला, तो ओकमधील लॅक्टोन या द्रव्यांचा. चव जिभेवर काकवीसारखी दाट व गोड सुरू होऊन मध्येच भाजक्या माल्टकडे झुकते आणि शेवटी छातीत हलकी ऊब सोडून जाते, असा अहवाल प्राप्त झाला. तो देणाऱ्याने पुढील अर्धा तास राहात्याच्या पेरूंची थोरवी गायिली आणि नंतर अहवाल देण्याचे थांबवले.

या सर्वांवरून हा पदार्थ घराण्यास परका आहे, असा निष्कर्ष कोणी काढल्यास तो अशास्त्रीय ठरेल. राज्यातील सहकारी साखर कारखान्यांच्या ज्या परंपरेचा आण्णा सभासद म्हणून अभिमान बाळगतात, तिची सुरुवात आपल्याच तालुक्यात लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने, 1950 च्या सुमारास झाली. एक टन ऊस गाळल्यावर साखरेखेरीज साधारण चाळीस किलो मळी मागे राहते. मळी आंबवून डिस्टिलरीत मद्यार्क काढतात, आणि देशी दारूच नव्हे तर भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बाटल्यांतही त्याचा अंश असतो. म्हणजे माळ गळ्यात ठेवून, एकादशी न चुकवता, घराण्याने दोन पिढ्या या व्यवसायास कच्चा माल पुरवला आहे. परदेशस्थ शाखेने केवळ दुसऱ्या टोकाची पाहणी केली.

मळी हल्ली इथेनॉलसाठी जाते, असा आक्षेप आण्णा घेतील, आणि तो रास्तही आहे. परंतु इथेनॉल म्हणजे तोच मद्यार्क, पाणी काढून टाकलेला. 2025 सालापासून देशभर पेट्रोलमध्ये तो 20 टक्के मिसळला जात असल्याने, 9 टक्क्यांच्या बाटलीविषयी केंटकीकडे खुलासा मागण्यापूर्वी आण्णांनी स्वतःच्या मोटारसायकलीची चौकशी करावी, असे हे निवेदन सुचवते.

कळावे. आशीर्वाद असावेत. पेरूचा मोसम सुरू झाल्यास फोटो पाठवू नयेत, त्रास होतो.

आपली आज्ञाधारक,
परदेशस्थ शाखा