काकू, तेवढ्या साड्या काढा

चि. फोटोग्राफर यांस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी तू आमच्या निगडी प्राधिकरणातल्या गल्लीत साल 1965 घेऊन आलास. आधी कळवलं असतंस तर अंगण तरी झाडून ठेवलं असतं. बेलबॉटममधली मुलगी, डोळ्यांवर बशीएवढा गॉगल, केसांचा फुगा, हातात ट्रान्झिस्टर आणि टेकायला आमच्या ह्यांची चेतक. मागे भिंतीवर पाटी, ‘बॉम्बे 1965’. दृष्ट लागण्यासारखं होतं सगळं.

आता चेतक बाजारात आली 1972 साली, हे सोड. प्राधिकरणही 1972 चंच. त्याआधी तू उभा होतास तिथे शेतं होती, आणि ती ज्यांची गेली त्यांची घरं साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी पुढे वर्षानुवर्षं खेटे घालत राहिली. भक्ती-शक्ती चौकातला 107 मीटरचा ध्वजस्तंभ 2018 चा. तो तुझ्या 1965 च्या आभाळात घुसत होता. तो तू नंतर संगणकावर खोडलास म्हणे. खोडण्यात तुझा हात चांगला बसलाय. त्यावर येतेच.

आधी साड्या. “काकू, दोरीवरच्या तेवढ्या साड्या काढाल का? जुन्या काळाचा फील जातोय.” अरे बाळा, त्यातली निळी नायलॉनची साडी माझ्या लग्नातली. लग्न 1976 चं. फाटत नाही मेली, म्हणून अजून वापरते. मुलीच्या अंगावरचे कपडे तू भाड्याने आणलेस, ट्रान्झिस्टरच्या आत सेल नव्हते, पाटीचा रंग ओला होता. त्या सगळ्या देखाव्यात जुनी म्हणावी अशी जी साडी होती, ती मी तुझ्या सांगण्यावरून घडी करून आत नेली.

तुला जुना काळ हवा होता ना? आमच्या सोलापूरकडे 1972 म्हणजे दुष्काळ. रेशनवरचा लाल मिलो आणि खडी फोडायला जाणारी आई. त्यानंतर जो तो कामाच्या मागे इकडे आला. आमच्या वस्तीची फॅशन म्हणजे कंपनीचा निळा युनिफॉर्म, खिशाला ऑइलचा डाग, खांद्याला डब्याची पिशवी आणि सणासुदीला टेरिकॉटची एकुलती एक पँट. बेलबॉटम आम्हीही पाहिली, थेटरात. असो, तुझ्या आवडीनिवडीत मी कोण पडणार!

हे एका लहान वर्कशॉपात टर्नर होते. रोज सायकलवरून आकुर्डीला बजाजच्या गेटावरून जायचे. स्कूटरी भरलेले ट्रक समोरून बाहेर पडायचे, पण त्या काळी नंबर लावला की गाडी हातात यायला दहा-दहा वर्षं जात. ह्यांनी नंबर लावला तेव्हा थोरला पोटात होता. गाडी आली तेव्हा हँडलमागे पुढे उभं राहायचं त्याचं वय सरलं होतं. तिरकी करून किक मारायची ह्यांची पद्धत अख्ख्या गल्लीला पाठ आहे. ती गाडी तू मागितलीस आणि ह्यांनी हसत किल्ली दिली.

स्टँडची स्प्रिंग गेली आहे हे तुला सांगितलं होतं. “काका, तुम्ही मागून जरा धरता का?” काकांनी धरली. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघ्यात वंगण उरलेलं नाही, भर उन्हात गाडीमागे उकिडवा बसून राहिला. “काका, डोकं खाली.” “काका, अजून थोडं आत.” आणि फोटो आला तर ह्यांचा पत्ता नाही! गाडी आपली आपण उभी. नीट पाहिलं तर स्टेपनीजवळ चार बोटं राहिली आहेत, ती खोडायची विसरलास. फोटोखाली नाव गॉगलच्या कंपनीचं आहे, कपड्यांच्या दुकानाचं आहे, ‘व्हिंटेज चेतक’ आहे. त्या मुलीचंही नाव नाही, मग आमचं कुठून असणार.

नात म्हणाली, आजी, हे नवं नाही. 2008 साली ‘व्होग इंडिया’ने गोरगरिबांच्या हातात बर्बरीची छत्री दिली, कडेवरच्या पोराला फेंडीचं लाळेरं बांधलं आणि फोटो छापले. छत्रीचं नाव छापलं, लाळेऱ्याचं छापलं. माणसं नुसती ‘बाई’ आणि ‘माणूस’. तेव्हा बरीच ओरड झाली होती. ते निदान माणसं ठेवत होते रे.

त्या पोरीचं मला वाईट वाटलं. तापलेल्या सीटवर पॉलिस्टरमध्ये तासन्‌तास हसत बसली. पैसे किती मिळतात विचारलं, तर म्हणाली, फोटो मिळतात.

आणि खरं सांगू? वाईट तुझंही वाटलं. कोकम सरबत पिताना तू बोललास, चाकणला एका कंपनीत कंत्राटावर आहेस, सात महिने झाले की ब्रेक, 240 दिवस काही भरू देत नाहीत. कॅमेऱ्याचे हप्ते चालू, आणि सुट्टीच्या रविवारी हे उद्योग. ह्यांनी दहा वर्षांनी येणाऱ्या गाडीला नंबर लावला, कारण दहा वर्षांनीही आपण त्याच वर्कशॉपच्या दारातून आत जाणार, याबद्दल शंकाच नव्हती. तुला पुढची दिवाळी कुठल्या कंपनीत ते ठाऊक नाही. मग तुझं मन त्या काळात जाऊन बसतं, ते मला कळतं. बसू दे.

पण म्हणूनच जास्त राग येतो. मस्टरवरून नाव उडालं की कसं वाटतं, ते आमच्यापेक्षा तुला जास्त ठाऊक. दर सात महिन्यांनी तू ते भोगतोस. आणि ज्याने तुझी गाडी पडू दिली नाही, त्यालाच उडवलंस? लाज कशी वाटली नाही?

ह्यांना यातलं काहीच लागलेलं नाही. येईल त्याला फोन दाखवतात, बोटांनी फोटो मोठा करतात आणि म्हणतात, हा मी. मला ते बघवत नाही.

तर ऐक. न खोडलेला फोटो तुझ्याकडे असणारच. तो मोठा करून, काच लावून आण. खाली आधी ह्यांचं नाव घाल, मग त्या मुलीचं, आणि जागा उरली तर गॉगलवाल्याचं. येताना पिंपरीत चेतकच्या स्टँडची स्प्रिंग मिळते का बघ. सरबताचे पैसे नकोत, पण स्प्रिंग तुझ्या खर्चाने.

तुझी,
निळ्या साडीवाली काकू