पंचनाम्यातली मूठ

पिस्तुलाची मूठ हाताला चपखल बसावी, घामेजल्या तळहातातून ती निसटू नये, म्हणून तिच्यावर घरच्या घरी कारागिरी करण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच मुरला आहे. सुट्टीची दुपार, टेबलावर पॉलिमरचं पिस्तूल, हातात सोल्डरिंगची तापलेली सळई आणि मुठीवर ठिपक्यांची रांगोळी. रील्सना ना व्हिसा लागतो ना शस्त्र परवाना, त्यामुळे ही विद्या चाळीसगावच्या स्टेशन रोडवर चहा पिणाऱ्या तरुणालाही फुकट मिळते. त्याच्याकडे पिस्तूल नसतं, ही किरकोळ अडचण तूर्त बाजूला ठेवू. प्रश्न एवढाच, की खानदेशात शस्त्राची मूठ सजते ती नेमकी कुणासाठी? पुरावा पाहिला तर ती धरणाऱ्याच्या सोयीपेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी सजते. आणि हे एकदा मान्य केलं, की बंदोबस्त कुठे करायचा याचं उत्तरही बदलतं.

आधी मूळ वस्तूला न्याय देऊ. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये ग्लॉक 17 स्वीकारलं, तेव्हा गॅस्टन ग्लॉक यांनी त्याआधी एकही पिस्तूल बनवलेलं नव्हतं. पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या बनवणारा हा माणूस. त्यांनी चौकट पॉलिमरची केली. ती गंजत नव्हती आणि अख्ख्या पिस्तुलाचं रिकामं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास भरत होतं. दिवसभर कमरेला शस्त्र वागवणाऱ्या सैनिकाला याचं मोल कळतं. पुढे कंपनीने मुठीला बोटांसाठी खाचा दिल्या, 2010 च्या पिढीत मुठीची मागची बाजू बदलता येण्याची सोय केली आणि 2017 च्या पिढीत खाचा पुन्हा काढून टाकल्या. जगातली बोटं एका मापाची नसतात, हे तिलाही उमगलं असावं. स्पर्धेतल्या नेमबाजांचंही तसंच. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या खेळात लाकडी मूठ खेळाडूच्या तळहाताबरहुकूम घडवून घेतात, कारण हात केसभर हलला तरी गुण जातो. ज्याला नेम साधायचा आहे, त्याने मुठीची चिकित्सा केली तर ती रास्तच.

आपल्याकडे मात्र मुठीचं तपशीलवार समीक्षण फक्त पोलिसांच्या पंचनाम्यात वाचायला मिळतं. लोखंडी गावठी बनावटीचं पिस्तूल, मुठीला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकची पट्टी स्क्रूने बसवलेली, पट्टीचा रंग अमुक, ट्रिगर आहे, ट्रिगरगार्ड आहे, मॅगझिन आहे, सोबत दोन जिवंत काडतुसं, किंमत अंदाजे पंचवीस-तीस हजार रुपये. बाजारात ज्याची पावती मिळत नाही अशा मालाची सरकारी किंमत ठरवणारं हे एकमेव खातं. एवढ्या तपशिलात त्या पिस्तुलाने नेम धरता येतो का, हे कुठेच आलेलं नसतं, आणि ते बाळगणाऱ्यानेही बहुधा कधी तपासलेलं नसतं. ते सापडतं कमरेला खोचलेलं, शर्टाखालून मूठ तेवढी दिसेल अशा बेताने. अनेकदा तर गुप्त माहितीदाराचीही गरज उरत नाही. मालकाने स्वतःच स्टेटस ठेवलेलं असतं. देशी पिस्तुलांवर ‘मेड इन यूएसए’ असं कोरण्याची रीत आहे, ती गोळी लांब जावी म्हणून खासच नाही. तलवारीने केक कापणाऱ्या भाईंचं शास्त्र हेच: केक सुरीनेही कापला जातो, पण मग फोटो कोण काढणार?

या मिरवणुकीला पुरवठा करणारी वाट सगळ्यांना पाठ आहे. आपला जळगाव जिल्हा तसा भाग्यवान. वरणगावला 1964 पासून सरकारी कारखान्यात सैन्यासाठी काडतुसं बनतात, तिथे गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. आणि चोपडा तालुक्याची हद्द ओलांडली, की मध्य प्रदेशात, बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीत पिस्तूल घ्यायला असलं काही दाखवावं लागत नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये शस्त्रविक्रीतल्या संशयिताला धरायला गेलेल्या चोपड्याच्या पोलिस पथकावर तिथे हल्ला झाला आणि एका शिपायालाच पळवून नेण्यात आलं. दोन राज्यांच्या पोलिसांनी हालचाल केल्यावर त्याची सुटका झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये थेट पुण्याचे पोलिस उमर्टीत उतरले, पिस्तुलं घडवणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, 36 जणांना ताब्यात घेतलं. कारवाई चोखच. पण भट्टी ही पाडल्यावर पुन्हा उभी करता येणारी वस्तू आहे, आणि गिऱ्हाईक जोवर सातपुड्याच्या अलीकडे शाबूत आहे, तोवर कुणीतरी ती उभी करणारच.

यावर कुणी म्हणेल, नुसती हौस आहे, त्यात कुणाचं काय बिघडतं? फेब्रुवारी 2024 मध्ये याच चाळीसगावात एका माजी नगरसेवकाच्या कार्यालयात शिरून त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि ते दगावले. हौसेला आलेली वस्तू आणि सुपारीला आलेली वस्तू एकाच वाटेने येतात. वाटेवर फाटा नाही. दुसरा आक्षेप स्वसंरक्षणाचा. त्यासाठी कायदा परवाना देतो, 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन शस्त्रांपर्यंत. अर्ज करा, पोलिसांची चौकशी होऊ द्या, नियम पाळा. फक्त ते ग्लॉक 17 ज्या नऊ मिलिमीटर जातीचं आहे, ती सामान्य परवानाधारकाला आपल्याकडे मिळत नाही, तेव्हा रीलमधली ठिपक्यांची रांगोळी गिरवायला मूळ फळाच नाही. तिसरा आक्षेप वकिली थाटाचा: मूठ म्हणजे काही पिस्तूल नव्हे. 1959 चा शस्त्र कायदा इतका भोळा नाही. शस्त्राच्या व्याख्येत त्याने सुटे भागही धरलेत, आणि विनापरवाना शस्त्र बनवण्याला आता किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे. चौथा आक्षेप मात्र खरा आहे. लोखंडाला आकार देणारं पिढीजात कसब काही हातांमध्ये आहे, ते उपाशी ठेवून चालणार नाही. पण त्या हातांना शेती अवजारांचं, सुट्या भागांचं सरळ काम मिळवून देण्याऐवजी आपण त्यांना एकच गिऱ्हाईक ठेवलं आणि नंतर त्यांच्या अख्ख्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारून मोकळे झालो. शिक्का मारायला भट्टीही लागत नाही.

राहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा, म्हणजे मिरवण्याचा, आणि त्याचं उत्तर पंचनाम्यातच आहे. जप्तीला पंच मिळत नाहीत, मिळाले तर कोर्टात उलटतात, ही पोलिसांची जुनी तक्रार. 1 जुलै 2024 पासून तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं झालंय, म्हणजे ज्याला व्हिडिओत झळकायचं होतं त्याची हौस सरकारी खर्चाने भागते. मग पंचांसाठी वणवण कशाला? चौकात भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला असतो. वर भाऊ, हात कमरेवर, खाली पन्नास शुभेच्छुक, प्रत्येकाचा फोटो, नाव आणि पद. पिस्तुलासह भाऊंना धरल्यावर त्याच यादीतले पहिले दोन शुभेच्छुक पंच म्हणून बोलवावेत. भाऊंना त्यांच्याइतकं जवळून ओळखणारं दुसरं कोण? त्यांनी पंचनाम्यावर सही करावी, तारखेला जळगावच्या कोर्टात हजर राहावं आणि कमरेला काय होतं, मुठीची पट्टी कुठल्या रंगाची होती ते शपथेवर सांगावं. ही पद्धत एक वर्षभर राबवली, तर पुढच्या वाढदिवसाला फ्लेक्स छापणाऱ्याला शुभेच्छुकांच्या जागी नुसती फुलं छापावी लागतील, आणि उमर्टीच्या धंद्याला जी झळ कुठल्याही धाडीत बसली नाही ती इथल्या चौकात बसेल.